हिला एकदा तरी पिल्लं होऊ दे

आमची मांजर वर्षाची झाली तेव्हा मुलीने हट्ट धरला, हिला एकदा तरी पिल्लं होऊ दे. मुलगी नववीत होती. मांजर पर्शियन, पांढरी. कोलशेतच्या आमच्या सोसायटीतच एका बाईंकडे तसलाच बोका होता आणि त्या तयार होत्या. खरं सांगायचं तर हौस मलाही होती.

लस द्यायला नेली तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चार होतील असं धरा. नक्की घेणाऱ्या चार घरांची नावं आणा, मग बोलू."

मुलीने रविवारभर फोन केले. फोटो मागणारे बरेच निघाले. घेते म्हणाली ती फक्त एक मैत्रीण, आणि संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, "अहो, आमच्याकडे नको हं." मुलगी दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "बाबा, ऑपरेशन करून टाकू या."

केलं. गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालून मांजर भिंतींना धडकत फिरायची. मला अपराधी वाटायचं.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. दिवा स्टेशनजवळच्या एका चाळीत जिन्याखाली दोन पिल्लं सापडलेली, आई गाडीखाली गेलेली. "घर मिळेपर्यंत सांभाळाल?" मुलगी माझ्याआधी हो म्हणाली.

पिल्लं बाथरूममध्ये खोक्यात ठेवली. बायकोला मांजरं कधीच आवडली नव्हती, पण बाटलीने दूध पाजणं, ओल्या कापसाने पुसून शी-शू करवणं तीच शिकली. आमची मांजर आठवडाभर दारातून फिस्कारली. माया वगैरे काही केली नाही. शेवटी आपल्या गादीवर त्यांना झोपू दिलं, एवढंच.

काळं पिल्लू टिटवाळ्याच्या एका निवृत्त मास्तरांनी मागितलं. आम्ही आधी घर पाहून आलो. मुलीने खिडक्यांच्या जाळ्या ओढून बघितल्या आणि मास्तरांनाच बजावलं, "वेळ आली की ऑपरेशन करायचं."

"हो बाई, लिहून देऊ का?"

तिने खरंच लिहून घेतलं.

करड्याचा मागचा पाय वाकडा होता. त्याला बरेच दिवस कोणी विचारलं नाही. मग डोंबिवलीची एक नर्स आली, त्याला मांडीवर घेऊन तासभर बसली आणि घेऊन गेली. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आता मुलगी कॉलेजात आहे. पिल्लं येतात, जातात. घरं बघायला हल्ली बायको जाते, आणि दोघातिघांना तिने सरळ नाही म्हणून सांगितलंय.