काळ्याने हार का मानली?

सलूनवाल्याला एका प्रश्नाने पछाडलं होतं. जगातले दोन अव्वल बुद्धिबळपटू समोरासमोर बसतात, डाव जेमतेम रंगात येतो आणि काळ्या मोहऱ्यांचा खेळाडू हार मानून चालता होतो. का? पेपरवाल्यांनी शेवटच्या स्थितीचं चित्र तेवढं छापलं होतं, कारणाच्या नावाने शून्य.

त्याने कात्रण मागच्या भिंतीला चिकटवलं आणि आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी, डाव मांडला. काळा राजा आपल्या घरात सुखरूप. काळा हत्ती तर थेट पांढऱ्याच्या गोटात घुसलेला. मग घोडं अडलं कुठे? येईल त्या गिऱ्हाइकाने अक्कल पाजळली. एकाच्या मते पैसे चारले असणार, दुसऱ्याच्या मते पोट बिघडलं असणार.

खरं तर हा सगळा उद्योग बाबांसाठी होता. दुकान त्यांनीच उभारलेलं आणि बुद्धिबळाचं वेडही त्यांचंच. आजारपणानंतर मात्र ते बाकावर बसून नुसते बघत राहायचे, तोंडातून शब्द नाही. चालींवर वाद झडताना ऐकून तरी बोलतील, अशी सलूनवाल्याला आशा होती. ताईने ती केव्हाच सोडली होती. "त्यांना आता काही कळत नाही रे. मी घेऊन जाते माझ्याकडे," ती म्हणाली, आणि आज त्यांचे कपडे पिशवीत भरूनच आली.

सलूनवाला एका साहेबांचे केस कापता कापता पुटपुटत होता, "पांढरा राजा जागचा हललाय. म्हणजे कॅसलिंग बाद..."

"हललेला नाही," मागून घोगरा आवाज आला.

कात्री हवेतच थांबली.

"गाढवा, कात्रण आरशात बघून मांडलंस," बाबा म्हणाले. "डाव्याचं उजवं झालं सगळं. मी बघत होतो की."

जन्म आरशात बघण्यात गेलेला. दुसरं काय होणार? सलूनवाल्याने घाईघाईने पट सुलटा मांडला. राजा जागेवर, हत्ती कोपऱ्यात, मधली घरं मोकळी. त्याने कॅसलिंग केलं: राजा दोन घरं हत्तीकडे, हत्ती उडी मारून राजाच्या पलीकडे. हत्तीचा काळ्या राजाला शह, आणि पांढरा राजा थेट घुसखोर काळ्या हत्तीच्या शेजारी! काळ्याने राजा वाचवला, की पांढऱ्याने हत्ती गिळलाच.

"अख्खा हत्ती फुकटात!" तो ओरडला. "मग इतके दिवस बोलला का नाहीत, बाबा?"

"गावाला विचारत होतास. मला विचारलंस?" बाबांनी साहेबांकडे बोट केलं. "आणि त्यांचा उजवा कल्ला लांब राहिलाय."

ताईने वाकून पाहिलं. राहिला होता. तिने पिशवी खाली ठेवली आणि बाबांच्या शेजारी बसली.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"