काशीअक्कांची गोफण

वडवणीला बदली होऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करत होते आणि डोक्यावरच्या पत्र्यावर धाडकन दगड पडला. तांब्या हातातून सुटला. मी सावरते न सावरते तोच दुसरा दगड. कशीबशी साडी गुंडाळून बाहेर आले, तर अंगणात एक उंच, रुंद खांद्यांची बाई उभी. अंगभर ज्वारीचं पीठ आणि हातात गोफण, शेतात पाखरं हाकायला वापरतात ती. ही माझी घरमालकीण, काशीअक्का. आदल्या दिवशी खोलीची किल्ली त्यांच्या नवऱ्यानं दिली होती, त्यामुळे आमची ओळख झाली ती अशी.

"शिष्टर, किती बादल्या झाल्या?"

"दोन."

"तिसरी चालू हाय. मोरीचं पाणी गल्लीत आलंय. दोन बादल्याचं पाणी तिथवर येत न्हाई."

असं म्हणून त्या सरळ मोरीत शिरल्या, पिंपाचा नळ आवळला आणि एक भलंमोठं घमेलं आणून आत आदळलं. "ह्याच्यात बसून अंघोळ करायची. खाली साचंल ते पाणी संडासला. अंगावरून गेलं म्हणून पाणी मरत न्हाई."

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका. दिवसभर रक्त, मलमपट्टी, आरडाओरडा यांची सवय होती. पण त्या दिवसापासून अंघोळीला बसले की माझे कान पत्र्याकडे असायचे.

अक्कांची पिठाची गिरणी होती. पोती उचलून दंड पुरुषासारखे झाले होते. नवरा, गुरुनाथअप्पा, कपाळाला विभूती लावून तराजूपाशी बसायचे आणि दिवसातून दहा-बारा शब्द बोलायचे. गल्लीत आठ-दहा दिवसांतून एकदा नळाला पाणी यायचं, तेही तासभर. अक्कांचं घर गल्लीच्या टोकाला, म्हणजे सगळ्यांचं भरून झाल्यावर काही उरलं तर त्यांना. तरी त्या घरात पाण्याची ओरड मी कधी ऐकली नाही. भांडी आधी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, मग तीन पातेल्यांतून काढायची. तिसऱ्या पातेल्यातलं पाणी संध्याकाळी पहिलं पातेलं व्हायचं. तांदळाचं धुवण म्हशीला. कपड्यांचं शेवटचं पाणी गिरणीच्या फरशीला. पत्र्याच्या कडेला पन्हाळ लावून पावसाचं पाणी पिंपात घेतलेलं. पाहुणा आला तर अर्धाच पेला. "अर्धा प्या. लागलं तर परत मागा. उष्टं पाणी कोण पितंय?" आमदाराचा माणूस मत मागायला आला होता, त्यालाही अर्धाच पेला मिळाला.

कमरेच्या पिशवीत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या असायच्या. कुणाच्या दारातला नळ ठिबकताना दिसला की न विचारता आत शिरायचं, नळ खोलायचा, चकती बसवायची. कुणी "तुमाला कावून पायजे आमच्या नळाची उठाठेव?" असं म्हटलं की थप्पड. गंमत म्हणून नाही, कानात शिट्टी वाजेल अशी. बसस्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं एकदा पिऊन उरलेला जग रस्त्यावर ओतला, तर अक्कांनी तोच जग त्याच्या डोक्यात घातला. तीन टाके पडले. टाके घालताना ट्रे माझ्याच हातात होता. "अक्कांचा पेशंट हाय का?" असं डॉक्टर हसत विचारायचे आणि मीही हसायचे.

हे कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लहानपणी गावच्या विहिरीवर बायकांची मारामारी झाली आणि एकीनं घागर त्यांच्या तोंडावर हाणली. वरचे दोन दात गेले. "तोंडातलं रक्त थुकलं आन् त्याच बाईच्या घागरीतलं पाणी घिऊन घरी आले. आय तापानं पडली हुती." एवढं बोलून त्यांनी पोतं उचललं.

आमच्या समोर तीन घरं सोडून रमेशचं घर. त्यानं नळाच्या लायनीला थेट मोटर लावली होती. पाणी आलं की मोटर चालू करायची आणि आपण बाहेर निघून जायचं. गच्चीवरची टाकी भरून वाहायची, पाणी पन्हाळीतून धो धो गटारात पडायचं, आणि गल्लीच्या टोकाला नळातून नुसती हवा फुसफुसायची. अक्का दारात येऊन गोफण फिरवायच्या. दगड रमेशच्या जिन्यावरच्या पत्र्यावर पडायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दगडाला त्याची बायको सुनीता धावत गच्चीवर जाऊन कॉक बंद करायची. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. नेम असा की एकही दगड पत्र्याबाहेर गेला नव्हता.

त्या दिवशी पाणी सकाळी आलं. मी कामावर निघायला दारात उभी होते. टाकी वाहू लागली. पहिला दगड पत्र्यावर वाजला. अक्कांनी दुसरा सोडला आणि त्याच क्षणी सुनीता जिन्यावरून वर आली. दगड तिच्या डाव्या भुवईवर बसला. ती ओरडलीही नाही, टाकीशेजारी कोसळली. टाकीचं पाणी वाहतच होतं. थोड्या वेळानं पन्हाळीतून पडणारी धार लाल झाली.

सगळ्यांत आधी धावल्या त्या अक्काच. गच्चीवर चढून त्यांनी सुनीताला खांद्यावर घेतलं आणि तशाच जिना उतरल्या. तिचं रक्त त्यांच्या पाठीवरून ओघळत होतं. रिक्षात मी जखम दाबून धरली होती आणि अक्का एकच वाक्य म्हणत होत्या, "डोळा बघ शिष्टर, डोळा हाय का बघ."

डोळा वाचला. सात टाके पडले. इंजेक्शनसाठी मी सुनीताची बाही वर केली, तर दंडावर जुने वळ होते. काही हिरवे पडलेले, काही पिवळे. असे वळ मी शेकड्यांनी पाहिले आहेत. मी बाही खाली ओढली आणि काही विचारलं नाही.

रमेश दवाखान्याच्या फाटकातून आला तो लोखंडी पाईपचा तुकडा घेऊनच. अक्का ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा त्यांनी हात वर केला त्याच्यावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. तिसरा बरगडीवर. मी ओरडत बाहेर धावले. ज्या बाईनं अख्ख्या बाजारपेठेला थपडा घातल्या होत्या, ती मान खाली घालून मार खात होती. दोन पेशंटच्या नातेवाइकांनी रमेशला मागून धरलं तेव्हा कुठं तो थांबला.

अक्कांना बीडला नेऊन हाताला प्लॅस्टर घातलं. गुरुनाथअप्पा पहिल्यांदाच इतकं बोलले, "आपुन पोलिसात जाऊ. जीव घेतला असता त्यानं."

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "मी त्याची बायकू फोडली. कोणत्या तोंडानं जाऊ?"

आठवड्यानं सुनीता टाके काढायला आली. अक्का माझ्याबरोबर मुद्दाम आल्या होत्या. गळ्यात अडकवलेला हात सांभाळत त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "चुकलं माजं, पोरी. तू वर आलीस ते दिसलंच न्हाई."

सुनीतानं खाली बघत विचारलं, "अक्का, एक सांगू? राग न्हाई ना यायचा?"

"सांग."

"टाकीत गोळा बसवा, भरली की आपोआप बंद होती, असं मी लई दिवसांपासून घरात सांगते. माझं कोण ऐकतंय? आन् तुमचा दगड पडला की ते मला मारायचे. म्हणायचे, तुझ्यामुळं गल्लीत इज्जत गेली. तुझं ध्यान कुठं होतं?"

अक्कांचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. "किती येळा?"

"जितक्या येळा दगड पडला तितक्या येळा."

अक्का बाकावर बसल्या. मी टाके काढले, पट्टी लावली, सुनीता गेली, तरी त्या बसूनच होत्या. घरी आल्यावर त्यांनी डाव्या हातानं गोफण चुलीत घातली. मला त्या वेळी दंडावरचे वळ आठवत होते. दोन वर्षं मी दारात उभी राहून त्या दगडांची मजा पाहिली होती, आणि वळ दिसल्यावरही बाही खाली ओढली होती.

पुढच्या पाण्याच्या आधी रमेश बाहेर असताना अक्का त्याच्या घरी गेल्या. पिशवीत टाकीचा प्लॅस्टिकचा गोळा आणि पाना होता. "माजा हात चालत न्हाई. मी सांगते, तू बसव," म्हणाल्या. सुनीतानं बसवला. पाणी आलं, टाकी भरली, गोळा वर आला, धार थांबली. दोघी गच्चीवर उभ्या राहून बघत होत्या. त्यांना हसताना मी खालून पाहिलं.

रमेश संध्याकाळी आला आणि त्याला कळलं. कुणाला विचारून बसवला, एवढंच निमित्त. त्यानं गोळा उपटून फोडला आणि सुनीताचं तोंड भिंतीवर आपटलं. फाटलेला ओठ पदरात धरून ती पळत गिरणीत आली. मागून रमेश. अक्कांनी तिला पोत्यांमागं ढकललं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. प्लॅस्टर अजून उतरलं नव्हतं.

"बाजूला हो म्हातारे. दुसराबी मोडीन."

"मोड," अक्का म्हणाल्या. "पर आत येऊ देणार न्हाई."

त्यानं त्यांना छातीवर ढकललं. अक्का चौकटीला आपटल्या, पण दार सोडलं नाही. तेवढ्यात गुरुनाथअप्पा, ज्यांनी आयुष्यात मुंगीही मारली नसेल, वजनाचा पाच किलोचा लोखंडी ठोकळा दोन्ही हातांत घेऊन बायकोशेजारी येऊन उभे राहिले. रमेशनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, शिवी दिली आणि तो मागं फिरला.

आरडाओरडा ऐकून मीही खोलीतून आले होते, आणि त्याच पावली आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. सुनीतानं सगळं सांगितलं. मी दंडावरचे वळ सांगितले, कोणते जुने होते, कोणते ताजे, सगळं. मग हवालदार अक्कांकडे वळले. "अक्का, तुमचा हात मोडला तेबी लिवतो. पर सुरवात कशी झाली ते इचारलं जाणार. मग दगडाचं येणार. तुमच्यावरबी गुन्हा लागंल. बघा इचार करून."

"तेच आधी लिवा," अक्का म्हणाल्या. "दगड मी मारला. दोन वर्सं मारत हुते."

अप्पांनी त्यांचा पदर ओढला. सुनीता घाईनं म्हणाली, "साहेब, माझी अक्कांवर काही तक्रार न्हाई."

अक्का तिच्याकडं वळल्या. "तुजी नसंल. माजी हाय."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहायला लागले. अक्कांनी डाव्या हातानं सही केली. एक एक अक्षर काढायला त्यांना खूप वेळ लागला, पण अंगठा उठवायला त्या तयार झाल्या नाहीत.

सुनीता त्या घरात परत गेली नाही. काही दिवस लिंबागणेशला माहेरी राहिली, मग गिरणीच्या मागच्या खोलीत आली आणि जात्यापाशी उभी राहायला शिकली. नळावरची मोटर नगरपंचायतीच्या माणसांनी काढून नेली. माझी बदली झाली, पण साक्षीसाठी मला यावं लागायचं. एकदा दोन्ही खटल्यांची तारीख एकाच दिवशी पडली. अक्का सकाळी साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या आणि दुपारी आरोपी म्हणून. वाकडा जुळलेला हात पोटाशी धरून त्यांनी दोन्ही वेळा एकच हकिगत सांगितली, कुठं एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. कोर्टानं त्यांना समज देऊन सोडलं. रमेशचा खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला सुनीताबरोबर अक्का जातात आणि पुकारा होईपर्यंत बाकावर तिच्या शेजारी बसून राहतात.