दुसऱ्या नजरेसाठी थांबलेली नजमा

येरवड्यात नजमाच्या गल्लीत तिला सगळे ‘सिस्टर’च म्हणतात. ड्यूटीवरून येऊन ती चपला काढते न काढते, तोच कुणीतरी बीपी मोजायला दंड पुढे करून बसलेलं असतं. ती मोजते. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्यात उरलेला नसतो.

विश्रांतवाडीकडच्या ज्या खासगी हॉस्पिटलात ती आयसीयू सांभाळते, तिथं फरशी आरशासारखी आणि नर्स मात्र चिमूटभर. त्या दिवशी तिच्या जागी येणारी मुलगी आलीच नाही. सकाळच्या ड्यूटीला दुपारची चिकटली. इन्चार्ज भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, "आपल्यालाच बघायचंय ना सगळं." हे ‘आपण’ म्हणजे कायम नजमाच.

खिडकीजवळच्या बेडवर धोंडिबा होते. त्यांचं बीपी पार खाली गेलेलं. ते उचलून धरणारं औषध पंपातून थेंबाथेंबानं मानेतल्या नळीत जात होतं. त्यातच छातीचे ठोके सुसाट सुटले. ते आवरणारं इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू द्यायचं. नजमानं ते भरलं, मानेपाशी लोंबणाऱ्या नळ्यांपैकी एकीला सिरिंज जोडली आणि दुसऱ्या नर्सला हाक मारली, "चैताली, बघून जा गं."

हृदयाचं औषध दोघींनी तपासल्याशिवाय द्यायचं नाही, असा नियम. पण माणसंच नाहीत म्हटल्यावर त्याची रीत झालेली: दुसरीनं जागेवरूनच ‘बघितलं’ म्हणायचं.

"बघितलं ताई, द्या." चैताली पलीकडच्या पेशंटचा कफ काढत होती. मानही वर केली नाही.

"तिथनं काय दिसलं तुला?"

"तुम्ही भरलंय म्हणजे बरोबरच असणार."

एरवी नजमा एवढ्यावर भागवून घ्यायची. आज मात्र लेबल वाचूनही काय वाचलं ते तिला आठवेना. ती तशीच उभी राहिली.

धोंडिबांचा मुलगा संभाजी दारातनं बघत होता. "सिस्टर, सुई धरून काय उभ्या हाय? म्हाताऱ्याचा जीव चाललाय. मुहूर्त बघताय का?"

"मुहूर्त नाही, माणूस बघतेय," नजमा म्हणाली. "चैताली, हात धू आणि ये."

चैताली धुसफुसत आली. लेबल वाचलं, माप बघितलं. मग मानेपासून नळीवर बोट फिरवत निघाली, ती थेट पंपापाशी थांबली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ही बीपीच्या औषधाची नळी आहे."

तिच्यातून इंजेक्शन ढकललं असतं, तर नळीत भरलेलं बीपीचं औषध त्या दाबानं एकदम आत गेलं असतं. थेंबाथेंबानं द्यायचं ते घोटानं. धोंडिबांच्या दमलेल्या हृदयाला ते झेपलं नसतं. नशीब, सिरिंज जोडली तिथला नळीचा खटका अजून उघडला नव्हता.

नजमानं सिरिंज काढून चैतालीच्या हातात दिली. "मोकळ्या नळीतून तू दे. मी बघते."

चैतालीनं अगदी सावकाश दिलं. ठोके उतरत गेले.

"हेच मघाशी दिलं असतं तर?" संभाजी पुटपुटला.

नजमा मॅडमच्या टेबलाशी गेली. "मी चुकीच्या नळीला लावलं होतं. चैतालीनं पकडलं."

"झालं तर काही नाही ना? मग कशाला वाढवताय?"

"होईपर्यंत थांबायचं का? आज यापुढे मी एकही इंजेक्शन देणार नाही. माणूस बोलवा."

"आत्ता कुठून आणू?"

"सुट्टीच्या दिवशी मला जिथनं आणता तिथनं."

मॅडमनी तोंड वाकडं करून फोन उचलला. नजमा परत जाऊन धोंडिबांशेजारी स्टुलावर बसली. कुणी येईपर्यंत उठून तर जाता येणार नव्हतं.