गाडी गडबलाच बंद पडायची

पेट्रोल हुंगून गाडीचं दुखणं सांगणारे जनूभाऊ मेकॅनिक आज सकाळी रोह्यात वारले. दम्याने.

बाबा वारल्यावर त्यांची जुनी काळी गाडी पेणला आमच्या दारात उभी होती.

स्टार्ट व्हायची. पुढच्या गडब गावापर्यंत झकास. तिथे आचके देऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू.

कार्बोरेटर साफ केला, पंप बदलला. फरक शून्य.

शेवटी दादा म्हणाला, "हा रविवार शेवटचा. सोमवारी भंगारवाला येतोय."

आई बाबांच्या सीटवरचा टॉवेल सारखा करत बसली.

मी जनूभाऊंना बोलावलं. त्यांनी टाकीचा पाइप सोडवला आणि स्वच्छ पेट्रोलची बाटली नळीने इंजिनाला जोडून माझ्या हातात दिली. ते गाडी चालवू लागले, मी शेजारी बसून ती खिडकीबाहेर सलाइनसारखी उंच धरली.

"हात हलवू नको गो, पेशंट सीरियस हाय!"

गडब गेलं. नागोठणं आलं. गाडी थांबली नाही.

"इंजिन ठणठणीत हाय. टाकीतली घाण गडबपर्यंत पाइपात अडकते, थांबलं की खाली बसते."

घरी येऊन टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. तळाला गंज, त्यावर बोटभर पाणी.

"गाडीवर पानी कोन ओततं?"

"मी," आई म्हणाली. "दसऱ्याला. हे घालायचे तशी अंघोळ घालते. तांब्या तांब्याने."

जनूभाऊंनी टाकीचं झाकण उलटं केलं. आतलं रबर पार विरलं होतं.

आईचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं का हो?"

त्यांनी झाकण खिशात टाकलं.

"छ्या! खाडीची हवा, वैनी. पेट्रोलात पन पानी धरतं."

झाकणाचं विचारायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "ताई, ही बरणी धर जरा."

गंज खरवडायला टाकीत सायकलची चेन घालून त्यांनी ती खळखळून धुतली. पाइपातून हवा मारली, तर चिखलासारखा गाळ बाहेर आला. रबरी नळ्या नव्या, झाकण नवं.

रविवारी आई पुढे बसली. गडब आलं तेव्हा तिने डोळे मिटले होते.

उघडले तेव्हा निडी आलं होतं.

मागून दादा म्हणाला, "मंडे कॅन्सल."

पुढे दर दसऱ्याला जनूभाऊ रोह्याहून पहिल्या एसटीने यायचे, आईने बादली भरायच्या आत. ओल्या फडक्याने गाडी पुसायचे.

"मला हातच लावू देत नाही मेला," आई कुरकुरायची आणि त्यांच्यासाठी शिरा करायला घ्यायची.

आई वारली, तोवर खाडीच्या हवेलाच दोष देत होती.

जनूभाऊ, त्या झाकणाचं मी तिला कधीच सांगितलं नाही.

शांतपणे जा. आम्हा सगळ्यांचा नमस्कार.