हेमलाल का थांबला

ही गोष्ट मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा — खरं सांगतो — हा विषय मी शिताफीनं टाळतो. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि गेले तीन आठवडे एका कागदापुढे बसून मी स्वतःवरच चिडतोय, ते चिडणं आता सहन होत नाही म्हणून.

कागद कसला, तर आमच्या बेसबॉल टीमचा इतिहास. हसू नका. रायपुरात बेसबॉल म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "वो क्रिकेट जैसा?" या एका प्रश्नानं मी वीस वर्षं वैतागलोय. टीमलाही यंदा वीसच वर्षं होताहेत. छोटासा कार्यक्रम आहे, एक पुस्तिका छापायची आहे, आणि आमचे कॅप्टन गिरीश भैया यांनी फर्मान काढलं की इतिहास अरुणच लिहील. अरुण म्हणजे मी. स्कोअरबुक पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. सरकारी ऑफिसातला बाबू मी, नोंदी ठेवणं हाडीमाशी खिळलेलं. माझ्या नोंदीवर कोणी संशय घेत नाही — हे लक्षात ठेवा, सगळं दुखणं तिथेच आहे.

पहिली दोन पानं झरझर झाली. सुरुवातीला आम्ही नऊ जण आणि ग्लोव्ह चार. त्यातला एक डावखुऱ्याचा, आणि टीममध्ये डावखुरा औषधालाही नाही. बेसच्या गाद्या कुठे मिळेनात, तेव्हा गोल बाजारातून ताडपत्री आणून पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यांत वाळू भरली. खेळायचो तेलीबांध्याच्या पुढे एका मोकळ्या जागेत, जिथे आता फ्लॅट उभे आहेत. तेही क्रिकेटवाल्या पोरांनी जागा सोडली तर. एक शिक्षक, एक बँकेतला कॅशियर, एक औषधांचा दुकानदार, मी — चाळिशीकडे झुकलेली, पोटं सुटू लागलेली माणसं. हे सगळं लिहिताना मला मजा आली, आणि लिहिलंही बरं.

तिसऱ्या पानावर फायनल येते. आमची एकुलती एक फायनल, चौदा वर्षांपूर्वीची. तिथे हात अडला तो अडलाच. कागद फाडतोय, पुन्हा घेतोय, चहा गार झाला म्हणून बायकोवर खेकसतोय. ती परवा म्हणाली, "त्या कागदापायी काहून एवढे तणतणून राहिले तुम्ही? चार ओळी लिहा अन् देऊन टाका." तिला काय सांगू? चार ओळीच तर आहेत. त्या चार ओळी मी चौदा वर्षं तोंडी सांगत आलोय, लिहायला मात्र हात धजत नाही.

बरं, आधी हेमलालबद्दल सांगतो.

हेमलाल बीरगांवचा. तिथल्या एका कारखान्यात क्रेनच्या खाली उभा राहायचा. वर क्रेनवाला बसतो, त्याला खालचं नीट दिसत नाही, म्हणून खाली एक माणूस लागतो, जो हात करत ओरडतो — "आने दे, आने दे, आने दे... बस." बस म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे, नाहीतर कोणाचा हात जातो, कोणाचा पाय. दिवसभर तो हेच ऐकायचा आणि हेच बोलायचा. दर रविवारी सकाळी सायकल हाणत मैदानावर यायचा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, आमच्यात सगळ्यात लहान, आणि पळायला — काय सांगू? आम्ही पळायचो ते डॉक्टरनं सांगितल्यासारखं. तो पळायचा तो खेळाडूसारखा. बोलायचा कमी; काही विचारलं तर "हव", म्हणजे हो, एवढंच. मला भैया म्हणायचा, आणि स्कोअरबुकात माझं अक्षर बघत उभा राहायचा.

आता एक गोष्ट खेळाची. धावणारा शेवटच्या बेसकडे, म्हणजे होमकडे येतो तेव्हा चेंडू त्याच्या पाठीमागून येत असतो. त्याला तो दिसत नाही. मागे वळून पाहिलं तर वेग जातो. म्हणून पुढचा बॅट्समन होमच्या मागे उभा राहतो आणि त्याला ओरडून सांगतो — सरळ पळत ये, की जमिनीवर घसरत ये. धावणाऱ्यानं फक्त ऐकायचं आणि विश्वास ठेवायचा. आमच्यात हिंदी बोलणारे, छत्तीसगढी बोलणारे, एक ओडिया, एक मी मराठी. घोटाळा नको म्हणून पहिल्याच महिन्यात नियम केला होता की मैदानावर घसरायला सांगायचं तर "स्लाइड" एवढंच म्हणायचं, दुसरं काही नाही. तो नियम स्कोअरबुकच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. माझ्याच अक्षरात.

फायनलमध्ये शेवटचा डाव होता, तिघे बाद झाले की डाव संपतो त्यातले दोघे बाद, आम्ही एका रननं मागे. हेमलाल दुसऱ्या बेसवर. आमच्या शिक्षकानं चेंडू लांब टोलवला आणि हेमलाल सुटला. तो घरी पोचला की बरोबरी, आणि पुढे बॅटिंग माझी. म्हणजे होमच्या मागे उभा कोण? मीच. एका हातात बॅट, दुसरा हात कुठे होता देव जाणे. सगळे "भाग, भाग" म्हणून कोकलत होते. मला हेमलालच्या डोक्यामागून चेंडू येताना दिसला. अगदी डोक्याच्या रेषेत. हातभर खाली झाला तर चेंडूही चुकणार आणि बेसही मिळणार, हे मला लख्ख दिसलं. आणि मी ओरडलो.

काय ओरडलो? चौदा वर्षं मी सांगत आलोय की "स्लाइड" ओरडलो.

मी "बस" ओरडलो. "बस, बस, बस."

माझं बालपण रेल्वे कॉलनीतलं, वडील वर्ध्याकडचे. आमच्या घरात डोक्याजवळून काही आलं की आई एकच ओरडायची — बस खाली. त्या क्षणी स्लाइड आठवलं नाही, हिंदी आठवली नाही, तोंडातून आईची भाषा निघाली. मराठीत बस म्हणजे खाली हो, टेक. आणि हेमलालला बस म्हणजे काय, ते तुम्हाला आताच सांगितलंय.

तो थांबला. होम चार पावलांवर, आणि हा माणूस जागच्या जागी गपकन थांबला. चेंडू आला, त्यांच्या कॅचरनं तो हातात घेतला, शांतपणे दोन पावलं चालत आला आणि हेमलालच्या छातीला लावला, म्हणजे बाद. संपलं.

गिरीश भैया धावत आले. टोपी जमिनीवर आपटली. "रुका क्यों बे?" हेमलालला धाप लागली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भैया बस बोले न." झालं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हटलं, "मैंने तो स्लाइड बोला था."

किती वेळ लागला असेल? श्वास घेण्याएवढाही नाही. इतकं सरळ, इतकं तयार खोटं माझ्या तोंडात कुठून आलं, याचं मलाच नवल वाटतं. हेमलालनं वाद घातला नाही. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला — चिडून नाही, गोंधळून. मी बूट काढायला खाली वाकलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, घाबरलो होतो. पण थांबलं कुठे? समोरची टीम बीरगांवचीच होती, त्यातले तिघे हेमलालच्याच पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले. दुसऱ्या दिवशी आमच्यातलं कोणीतरी बोललं की यानं मुद्दाम आपल्या पाऱ्यावाल्यांना जिंकवलं. गिरीश भैया माणूस सज्जन. ते माझ्या घरी आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरुण, पक्का याद कर, क्या बोला था?" आता सांगा, याहून मोठी संधी कोणाला मिळते? आणि मी काय केलं — स्कोअरबुक काढलं, पहिलं पान उघडलं आणि त्या नियमावर बोट ठेवलं. म्हटलं, नियम मीच लिहिलाय, मी दुसरं काय बोलणार? त्यांना पटलं. कोणालाही पटलं असतं. मग मी त्यांना पोहे खाऊ घातले.

हेमलाल त्यानंतर दोन रविवार आला. सरावात त्याच्याकडे कोणी चेंडू फेकेना. तो हातात ग्लोव्ह घालून उभा राहायचा आणि चेंडू इकडून तिकडे जायचा. मीही फेकला नाही. तिसऱ्या रविवारी तो आला नाही. आम्ही चहा घेतला आणि खेळायला लागलो.

आणि मग तो शब्द सुरू झाला. कोणी अर्धवट धावून थांबला की म्हणायचं, "हेमलाल हो गया." स्कूटर चौकात बंद पडली — हेमलाल हो गई. ज्यांनी हेमलालला कधी पाहिलंही नाही असे नवे खेळाडू हा शब्द वापरतात आणि खोखो हसतात. मी हसतो का? हसतो. सगळ्यांच्या आधी हसतो. घरी येऊन चिडचिड करतो, दारं आपटतो, ऑफिसात फायली आपटतो, पण तिथे हसतो. एवढी चीड पोटात घेऊन हिंडणारा माणूस दोन अक्षरं खरी बोलू शकत नाही, याला काय म्हणायचं? भित्रा म्हणायचं. दुसरा शब्द मलाही सापडला नाही.

तर आता पुस्तिका. गिरीश भैयांचं मन मोठं झालं. म्हणाले, "हेमलाल को भी बुला ले, पुरानी बात हो गई. एक फोटो भी ले आना." गेल्या रविवारी मी बीरगांवला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. हेमलालनं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा इतका उजळला की मला परत फिरावंसं वाटलं. त्यानं खुर्ची पुसून दिली. केस पिकायला लागलेत. बायकोला म्हणाला, हेच ते भैया, ज्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे.

बोलता बोलता मी विचारलं, क्रेनवरच आहेस ना? म्हणाला, नाही, तो आता स्टोअरमध्ये बसतो. नटबोल्ट देतो, हातमोजे देतो. का? तर त्या मॅचनंतर त्यानंच साहेबांना सांगून काम बदलून घेतलं.

मला वाटलं, टीममधून गेला त्याचं मनाला लावून घेतलं असेल. तसं नव्हतं. तो सांगत होता आणि मी ऐकत होतो. सगळे म्हणतात तुम्ही स्लाइड म्हणालात, तुम्ही शिकलेले, तुम्ही कशाला खोटं बोलाल — म्हणजे चुकीचं मीच ऐकलं. इथे चुकीचं ऐकलं तर मॅच गेली. तिथे क्रेनखाली चुकीचं ऐकलं तर कोणाचा हात जाईल. "मोर कान म खोट हे, भैया," तो म्हणाला. दोनदा कान तपासून घेतले. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाला ठीक आहेत. "रिपोर्ट तो ठीक है. पर भरोसा नहीं होता." घरात बायकोनं हाक मारली तरी तो एकदा विचारून घेतो, काय म्हणालीस. ती तिथेच उभी होती. ती हसली, सवयीनं.

मग त्यानं माझ्यापुढे हात जोडले. म्हणाला, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुमचं नाव घेतलं, तुमच्यावर ढकललं, माफ करा. चौदा वर्षं हे मनात होतं, यायची हिंमत झाली नाही.

मी म्हटलं, "छोड़ ना, पुरानी बात है." मी त्याला माफ केलं. तुम्ही बरोबर वाचलंत.

त्यानं चहा पुढे केला. मी कप घेतला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "भैया, स्लाइड ही बोले थे ना आप?"

त्या विचारण्यात आशा होती. मला ती ऐकू आली. माझे कान ठणठणीत आहेत. पहिल्या वेळी निदान एवढं तरी म्हणता येत होतं की शब्दानं दगा दिला, त्याच्याकडे एक अर्थ, माझ्याकडे एक. या वेळी मी जो शब्द उच्चारला तो त्याच्या छत्तीसगढीतला, आणि दोन पिढ्या रायपुरात काढलेल्या आम्हा मराठी लोकांच्या घरातलाही. त्याच्याकडे त्याचा जो अर्थ, तोच माझ्याकडे.

मी म्हटलं, "हव."