भाडेकरूचा ठेचा

महाळुंग्यात आमच्या घरावर दोन खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत नांदेडकडून नोकरीसाठी आलेले एक दादा भाड्याने राहतात आणि रात्री आमच्याकडेच जेवतात. त्यांचं लग्न ठरलं, तेव्हा एकदा जेवताना ते आईला म्हणाले, "काकू, डाएट सुरू करायचंय. मेटाबॉलिझम एकदम स्लो झालाय माझा."

आईने माझ्याकडे पाहिलं. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि या शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न आमच्याकडे भाजीबरोबर अधूनमधून वाढला जातो. त्या दिवशी पहिल्यांदाच मला कुणी काही विचारत होतं. उत्तर चुकलं असतं, तर पुन्हा कुणी विचारलं नसतं.

"त्याला चयापचय म्हणतात," मी म्हणाले. "खाल्लेल्या अन्नाचं शरीर जे काही करतं, ते. पालेभाज्या, मटकी, काकडी, आवळा असं खाल्लं तर थोडी मदत होऊ शकते. मिरचीनेही म्हणे शरीरात थोडी उष्णता वाढते. पण फार नाही. आणि सगळ्यांना होईलच असंही नाही."

"मिरची व्हय?" आई म्हणाली. "मग आधी सांगायचं न्हाई का."

बाकीचं तिने ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दादांच्या ताटात ठेचा आला. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि वरून चरचरीत तेल. आईने शेजारच्या मावशींनाही सांगून टाकलं, "आमची पोर कालेजात शिकती ना, तिनंच काढलंय हे औषध."

औषध दादांना फारच आवडलं. पूर्वी ते दोन भाकरींवर थांबायचे. आता ठेचा संपायला भाकरी लागायची आणि भाकरी संपायला ठेचा. ते नको म्हणायला हात आडवा करायचे, तर आई हाताखालून भाकरी सरकवायची. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते धरायचं नसतं.

"अहो, बास झालं, काकू."

"खावा ओ. मेटाबोलीझम हाय त्यात."

वडील आपल्या ताटात बघत म्हणाले, "त्याला घोड्यावर बसायचंय. घोड्याला कुनी इचारलंय का?"

महिना होत आला तेव्हा दादा जिन्यात भेटले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "वजन वाढलंय गं. काकूंना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

मला त्या दिवशी नीट जेवता आलं नाही. गप्प राहिले असते तर माझं नाव राहिलं असतं आणि दादांचं पोट वाढत गेलं असतं. शेवटी भांडी घासताना आईला सांगितलं की वजन वाढलंय, मिरचीचा उपयोग मी सांगितला त्याहून कमीच असतो, आणि ठेच्यामागून भाकरी जाते त्याचं काय करायचं हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

आईने हातातला तवा खाली ठेवला.

"म्हंजे माजी भाकरी वाईट?"

"भाकरी चांगली आहे. जास्त होतेय. आधी मुळा, काकडी, मटकीची उसळ देऊ. मग भाकरी. आणि ते नको म्हणाले की थांबायचं."

"थांबायचं?" तिला हेच सगळ्यात अवघड वाटलं. "मानूस काय म्हनंल? ह्यांच्या घरात पीठ संपलं म्हनंल."

तरी तिने केलं. दादांनी हात आडवा केला की ती भाकरीची टोपली घेऊन आत जायची आणि ओट्यापाशी उभी राहून, ते उठतात का, हे ऐकायची. लग्नापर्यंत दादांचं पोट काही गेलं नाही. वाढायचं मात्र थांबलं. आईला हे फारसं पटलं नाही.

परवा शेजारच्या मावशी फोनवरचा व्हिडिओ दाखवायला आल्या. त्यात एक माणूस सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस प्यायला सांगत होता. आई म्हणाली, "थांबा जरा. पोरीला इचारू. न्हाई म्हनायचं असलं तर ती तोंडावर न्हाई म्हनती."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी बघून सांगते म्हणाले आणि पुस्तक काढायला आत गेले. दुधीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.