भोंगा

लालबागच्या आमच्या चाळीत त्याला सगळे भोंगा म्हणत. गिरणीच्या सांचाखात्यात, मागांच्या खडखडाटात राबून कान अर्धे गेलेले, साधं "वहिनी, चहा झाला काय?" विचारलं तरी तीन मजले ऐकत. मोर्च्यात 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही पहिली आरोळी त्याचीच. दुपारी माझा डोळा लागला की हा हटकून जिन्यात ओरडणार. मी शेजारीण, तोंडाची फटकळ. कितीदा म्हटलं असेल, "भावजी, घशाला कुलूप लावा जरा."

कुलूप लावलं ते त्याच्या मुलानं. बऱ्याच वर्षांनी त्याच्या बायकोची, इंदूची कूस उजवली. बारशाला मी घुंगरांचे वाळे घातले. पोर टपोऱ्या डोळ्यांचं, पण पाय झाडीना, मान धरीना. आम्ही बायका म्हणालो, तेल कमी पडतंय. इंदू बिचारी चोळत राहिली. मग डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंत जन्मतःच बळ नाही, औषधही नाही. दूध थेंबाथेंबानं पाजा. घशात अडकलं तर त्याला धड खोकताही यायचं नाही.

रडणंही मांजराच्या पिलासारखं. इंदू नळावर गेली की भोंगा मुलाची मान तळहातावर पेलून, त्याच्या तोंडाशी कान लावून बसे. गॅलरीत कुणी खिदळलं की ओठांवर बोट ठेवून कुजबुजे, "हळू बोला गो. झील रडलो तर आयकाक येऊक व्हया." पोराचं रडणं त्याच्या अर्ध्या कानांना ऐकू यायला हवं होतं. चाळही शहाणी झाली. मसाला कुटायला आम्ही पलीकडच्या चाळीत जाऊ लागलो. मोर्चेवाले आमच्या चाळीखाली आले की आरोळी गिळत. इंदू म्हणे, "वहिनी, माझा बाळ एकदा खच्चून रडू दे, मी चाळभर पेढे वाटीन."

ते पेढे राहूनच गेले. थंडीत साधी सर्दी झाली आणि पोर बापाच्या हातावरच गेलं. भोंगा तसाच कान लावून बसलेला. बाळ काढून घ्यायला कुणी धजेना; शेवटी मी घेतलं. वाळे नव्यासारखे होते.

राज्य झालं त्या दिवशी अंगणात गुलाल उडाला. पोरांनी त्याला ओढत खाली आणलं. "भोंगा, आज पहिली आरोळी तुझी." त्यानं तोंड उघडलं आणि सवयीनं बोट ओठांवर गेलं.

गॅलरीतून इंदू म्हणाली, "ओरडा हो. आता काय ऐकायचं राहिलंय?"

तो ओरडला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही कधी नाही.